हॅशनंतरची एक स्पेस

परवा रविवारी दुपारची झोप सोडून मी बॅशआरसीतल्या कमेंटींना, म्हणजे # लावून लिहिलेल्या, मशीन न चालवता सोडून देतं अशा ओळींना, शिस्त लावायला बसलो. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की शेल (ती कमांड चालवणारा प्रोग्राम) आधी जी फाइल वाचतं ती ही. नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून साध्या यादीत दिसतही नाही. जे कुणालाच दिसत नाही ते आवरण्यात माझी दुपार गेली, यावर घरात जे बोलायचं ते बोलून झालं आहे.

फाइल बारा वर्षांची, तीन लॅपटॉप आणि चार नोकऱ्या पाहिलेली. कुठे मजकूर # ला चिकटलेला, कुठे एक स्पेस सोडून, कुठे उगाच ##. एका ठिकाणी साठ हॅशांची महिरप काढून मधोमध 'एलियस' लिहिलंय, लग्नपत्रिकेवर श्री असतो तसं. खाली एलियस (कमांडचं टोपणनाव) एकही नाही, एका जुन्या ऑफिसचा प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये लागणारा सर्व्हर) आहे. पुढे 'तात्पुरतं, सोमवारी काढणे'. कुठला सोमवार, ते नाही. आणि रोमन अक्षरांत मराठी : 'याला हात लावू नकोस'. फाइल माझी, मशीन माझं, मग हा दम कुणाला दिला होता?

ठरवलं, प्रत्येक # नंतर एक स्पेस. हाताने कोण करणार? फाइलीची एक प्रत बाजूला ठेवली आणि सेडला (मजकुरात शोधून बदल करणाऱ्या कमांडला) सांगितलं, # च्या पुढे स्पेस किंवा दुसरा # नसेल तर तिथे स्पेस घाल. डोळ्याचं पातं लवायच्या आत फाइल परीटघडीची झाली.

नवं टर्मिनल उघडलं. प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधी शेल जे दाखवतं त्यात, एरवी फक्त शेवटच्या फोल्डरचं नाव असतं, तिथे मुळापासूनचा अख्खा रस्ता आडवा पसरलेला. प्रॉम्प्टच्या ओळीत महिरपी कंसात पीडब्ल्यूडी आहे (रस्त्यांशी संबंध असला तरी हे बांधकाम खातं नव्हे, आपण सध्या कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगणारा व्हेरिएबल) आणि त्यापुढे ##*/. म्हणजे शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंतचं सगळं छाटून टाक. सेडने # आणि * यांच्यात इमानदारीत स्पेस घातली. आता शेल स्पेसने सुरू होणारा रस्ता शोधत होतं. तसा रस्ता नसतो, त्यामुळे छाटलं काहीच गेलं नाही. # शब्दाच्या सुरुवातीला आला तरच शेलच्या लेखी तो कमेंट. हे मला पाठ आहे. सेडला सांगताना आठवलं नाही, एवढंच.

तेवढी दुरुस्ती पाच मिनिटांची होती. खरी गोची नंतर लक्षात आली. उबुंटू या लिनक्सबरोबर जी बॅशआरसी येते, ती मुळात डेबियन या दुसऱ्या लिनक्सची, ती सहज शेजारी उघडून ठेवली होती. त्यात रंगीत प्रॉम्प्ट हवा असेल तर खालची ओळ चालू करा, असं सांगणारी कमेंट आहे. रंग मुद्दाम बंद ठेवलाय, कारण लक्ष कमांडच्या उत्तराकडे असावं, प्रॉम्प्टकडे नाही, असंही तिथेच लिहिलंय. (माझा प्रॉम्प्ट चार रंगांचा आहे. ओशाळलो.) या समजावणीच्या ओळींत # नंतर स्पेस आहे. बंद ठेवलेल्या ओळीत मात्र # थेट कमांडला चिकटलेला. सुटा # म्हणजे माणूस बोलतोय, चिकटलेला # म्हणजे कमांड झोपवून ठेवलीय. माझ्या फाइलीतही निम्म्याहून जास्त ठिकाणी नकळत हेच होतं, आणि मी सरसकट स्पेस घालून ते पुसून टाकलं होतं.

निदान # तरी मिळालाय. १९७९ च्या बॉर्न शेलच्या, म्हणजे आजच्या या शेलच्या पूर्वजाच्या, काळात टिपण लिहायला ':' वापरत. ती खरी कमांड, काहीच न करणारी, पण पुढचा मजकूर शेल वाचायचंच. डेबियनच्या त्याच फाइलीत 'डोन्ट पुट डुप्लिकेट लाइन्स' अशी सुरुवात असलेली कमेंट आहे. ती ':' ने लिहिली असती तर 'डोन्ट'मधल्या एकेरी अवतरणचिन्हाची जोडी शोधत शेल पुढच्या ओळी गिळत गेलं असतं.

तर प्रत परत आणली आणि एकेक ओळ हाताने घेतली. हे बोलणं की कमांड? महिरप उडवली. सोमवार उडवला. प्रॉक्सी उडवताना हात थोडा अडखळला, पण उडवला. 'याला हात लावू नकोस' ठेवली, तिच्याखालची ओळ काय करते ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत एकच ओळ उरली. # आणि पुढे 'क्लिअर'. स्क्रीन पुसायची कमांड कधीतरी बंद केली होती, की हा भाग तपासला, ठीक आहे, अशी खूण? चिकटवावी की सुटी करावी? निदान मूळची कशी होती ते पाहू म्हणून कर्सर तिथे नेला. मध्ये टॅब निघाला.