यार्डातला अंधार

रविवार, रात्र

दुपारी खिडक्यांवर चादरी टांगल्या (सोलापुरात चादरींना काय तोटा!) आणि टेबलावरच्या रेल्वे यार्डाच्या मॉडेलचे दिवे लावले. मामा आले होते. रेल्वेत पॉइंट्समन (सांधेवाला) म्हणून आयुष्य काढलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून, डोळे रुळांच्या पातळीला आणून बघत बसले. मग म्हणाले, "उजेडाचं सोड. मधे अंधार ठेवलायस, ते बरं केलंस."

मला तेच हवं होतं. खऱ्या यार्डात उजेड कमीच. हायमास्टच्या पायाशी लख्ख, पण वाघिणींच्या दोन रांगांमधे काही दिसत नाही. हातबत्ती उगीच नव्हती.

एलईडीच्या पाकिटावर २० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, ती कमाल मर्यादा. एवढ्या करंटवर १:८७ च्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या) यार्डात डोळे दिपतात. १२ व्होल्टच्या सप्लायवर ३ व्होल्ट एलईडी खातो, उरलेल्या ९ व्होल्टना १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की जेमतेम ०.९ मिलिअँपिअर जातो. तेवढा पुरतो, काही खांबांना तर तोही जास्त वाटतो.

रंगाचं मात्र जिकिरीचं. 'वॉर्म व्हाइट' २,७०० ते ३,००० केल्विनचा (आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळट), जुने सोडियमचे दिवे २,००० च्या आसपास. म्हणून एलईडीच्या तोंडावर पारदर्शक नारिंगी रंगाचा पातळ हात द्यायचा. पण सगळ्यांना नाही. खऱ्या यार्डात आता पांढरे एलईडी आलेत, जुने अजून कुठे कुठे टिकून आहेत. ती सरमिसळच खरी वाटते. ३० मीटरचा मास्ट ३४.५ सेंटिमीटरचा होतो, टेबलावर तो अवाढव्य दिसतो. मी तरी उंची कमी केली नाही. वरच्या दिव्यांना काळी हीटश्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी) नळी चढवली, म्हणजे उजेड खालीच पडतो, बघणाऱ्याच्या डोळ्यात जात नाही. यार्डातल्या केबिनला आतून आधी काळा, मग पांढरा रंग दिलाय, नाहीतर प्लास्टिकच्या भिंतीच पेटल्यासारख्या दिसतात.

मामांना तीच केबिन खटकली. "छताला दिवा कशाला? आत एवढा उजेड असला तर काचेत आपलंच तोंड दिसतं, बाहेरची गाडी कशी दिसणार? रजिस्टरवर एक शेड असलेला दिवा, बास."

छतातला एलईडी काढून केबिनमधल्या टेबलावर बसवायचा, म्हणजे ०४०२ मापाचा, एक मिलिमीटर लांबीचा. त्याला वायर जोडायची तर बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न लागणार. मामा पुढच्या रविवारी परत येणार म्हणालेत, तोवर व्हायलाच हवं.