काही न विचारणारे काका

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून मला सोळा वर्षं झाली. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर नवराबायकोला समोरासमोर बसवून "जरा समजून घ्या" म्हणत असतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ मेमो भरण्यात आणि बाहेरच्या पुकाऱ्याकडे कान लावण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा मुलांच्या खोलीत. खोली म्हणजे कॉरिडॉरचं टोक. देणगीतून आलेली खेळणी, त्यातल्या बाहुलीला एकच हात, आणि स्ट्रायकर नसलेला कॅरम. स्ट्रायकर म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण वापरतो. मागणीपत्र तीनदा दिलंय.

चिन्मय (नाव बदललंय) नऊ वर्षांचा, चौथीतला. आईबाबा दोन वर्षं वेगळे. ताब्यासाठी अर्ज बाबांचा. तोवर अंतरिम आदेशाप्रमाणे दर रविवारी दहा ते पाच मुलगा बाबांकडे. नेआण सोसायटीच्या गेटवर, कारण बाबांनी वर यायचं नाही आणि आई खाली उतरत नाही. मुलाशी बोलून अहवाल द्या, असं न्यायाधीशांनी सांगितलं.

"नऊ पूर्ण झाली ना मॅडम, आता तो सांगेल तिकडे," हे बाबांचं पहिलं वाक्य. हे खूळ कुणी पसरवलंय कोण जाणे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, एवढं १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्यात आहे. १८९०च्या पालक-पाल्य कायद्यात म्हटलंय की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं, बांधील नाही. शेवटी बघायचं ते मुलाचं हित. पण घरोघरी त्याचा अर्थ झाला, "पोराला पढवा."

पढवलेलं मूल मला पाच मिनिटांत कळतं, याचा थोडा अभिमान आहे. "बाबांचं वर्तन बेजबाबदार आहे," असं तिसरीतली मुलगी म्हणाली की समजायचं, वाक्य घरचं नाही, अर्जातलं आहे. मग मी तीच गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावते. पाठ केलेली गोष्ट उलटी चालत नाही. 'का' कधी विचारायचं नाही, 'का'ने मूल आरोपी होतं. "कोण जास्त आवडतं?" हा प्रश्न तर माझ्या खोलीत बंदच. टेबलाच्या पलीकडे बसायचं नाही, शेजारी बसायचं, म्हणजे त्याला माझा चेहरा वाचता येत नाही.

चिन्मय पढवलेला नव्हता. तो बंद होता. काल काय जेवलास? काही नाही. रविवारी काय केलंत? काही नाही. मी कागद-पेन्सिल पुढे केली, म्हटलं, तुझं घर काढ. त्याने घर काढलंच नाही. गेट काढलं, शेजारी वॉचमनची केबिन, प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्या पायाखाली विटेचा तुकडा. मग सगळं लक्ष रजिस्टरवर. रकाने आखले, नाव, फ्लॅट नंबर, कोणाकडे, वेळ. रजिस्टरला दोरी, दोरीला पेन. दोरीची गाठसुद्धा खोडून नीट काढली.

"इथे कोण बसतं?"

"वॉचमनकाका. आणि मी. दहा मिनिटं."

दर रविवारी बाबांची गाडी वळली की तो वर न जाता केबिनमध्ये बसायचा. स्वतःची एन्ट्री स्वतः करायचा, काकांची टॉर्च लावून बघायचा.

"वर गेलं की आई विचारते. गाडीत बसलं की बाबा विचारतात."

"आणि काका?"

"ते काही विचारत नाहीत."

खोटं कशाला सांगू, मला ते वाक्य ऐकून आनंद झाला. इतक्या वर्षांत आईबापांपुढे ठेवायला याहून नेमकं काही मिळालं नव्हतं. काकांबद्दल जे विचारायला हवं तेही विचारलं, एकट्या मुलाच्या बाबतीत विचारावंच लागतं. उत्तरं स्वच्छ होती. अहवालात दोन्ही लिहिलं. 'ते काही विचारत नाहीत' अवतरणचिन्हांत.

समुपदेशनात नवराबायको जे बोलतात ते गोपनीय राहतं. पण न्यायालयाने मागवलेला हा अहवाल दोन्ही वकिलांच्या हातात गेला, आणि वकील परिच्छेद वाचत नाहीत, वाक्यं वेचतात. आईचे वकील म्हणाले, बाप मुलाला परक्या माणसाच्या केबिनपाशी सोडून निघून जातो. बाबांचे वकील म्हणाले, मुलाला घरी जायची भीती वाटते. 'काही विचारत नाहीत' कुणाच्याच कामाचं नव्हतं.

पुढच्या तारखेला आई भेटली. "बरं झालं मॅडम, तुमच्यामुळे कळलं." तिने सोसायटीत तक्रार केली होती. एजन्सीने काकांना दुसरीकडे पाठवलं. मी तिला रागावू शकले नाही. नऊ वर्षांचं मूल दिवसभर नजरेसमोर नसतं तेव्हा आईला कशाकशाची भीती वाटते, ते मला ठाऊक आहे. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?" काय म्हणत होते, ते मला आजही कळलेलं नाही.

आता मी प्रत्येक जोडीला सांगते, मूल परत आलं की अर्धा तास प्रश्न बंद. चपला जागेवर, हातपाय, पाणी, जेवण. त्याला सांगायचं असेल तर ते पोळीच्या दुसऱ्या घासाला सांगेल. माना डोलावतात. संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात दागिने, एफडी, फ्लॅटचा हप्ता कलमवार मांडलेला असतो, आणि मुलाच्या भेटीला एक ओळ, 'परस्पर सोयीनुसार'. कायद्यातला सहा महिन्यांचा थांबा माफ होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितल्यापासून ती ओळ लिहायलाही कुणाला सवड नाही.

गेल्या आठवड्यात चिन्मयला पुन्हा आणलं होतं. दुसरा अहवाल हवाय. मी कॅरम मांडला. अर्धा तास खेळलो. झाकण हलकं असल्याने सोंगट्या सरकत नाहीत, तरी त्याने राणी घेतली, कव्हरही घेतलं. मी एक अक्षर विचारलं नाही. बाहेर शिपायाने पुढच्या केसचा पुकारा केला. चिन्मयने सोंगट्या डब्यात भरल्या, झाकण माझ्या हातात दिलं.

"आज तुम्ही काहीच विचारलं नाही."

"नाही."

"पण लिहिणार ना?"

अहवालाची तारीख सोमवारी आहे. कागद अजून कोरा आहे.