पायऱ्यांचा दिवा, नोंद 3: आज्ञा वेगळी, स्थिती वेगळी

सध्याची अवस्था: पायऱ्यांवरची 12 व्होल्टची एलईडी पट्टी भिंतीवरच्या बटणाने लागते आणि फोनच्या ब्राउझरमधूनही लागते. कुठूनही लावली तरी उघड्या असलेल्या सगळ्या पानांवर ते लगेच दिसतं. वेगळं ॲप नाही, बाहेरचा क्लाउड नाही.

जोडणी थोडक्यात. ईएसपी32 बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), एका रिलेचं (सिग्नलवर चालणाऱ्या स्विचचं) 5 व्होल्टचं मॉड्यूल, 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर, त्यावरून 5 व्होल्ट काढणारा बक कन्व्हर्टर आणि एक पुश बटण. रिले जीपीआयओ (बोर्डाची सिग्नल पिन) 26 वर. बटण 27 आणि ग्राउंडच्या मध्ये, आतला पुल-अप (बटण न दाबता पिन हाय ठेवणारा रोध) चालू, डिबाउन्स (एकच दाब अनेकदा मोजला जाऊ नये म्हणून थांबणं) 50 मिलिसेकंद. 12 नंबरची पिन टाळा: बोर्ड सुरू होताना ती हाय असली तर फ्लॅशला (प्रोग्रॅमच्या मेमरीला) 1.8 व्होल्ट मिळतात आणि बोर्ड उठतच नाही. 34 ते 39 या पिनांना आतला पुल-अप नाही, तिथे बटण लावलं तर 10 किलोओहम बाहेरून द्यावा लागतो.

लो सिग्नलवर लागणारा रिले एकदा लागला की सुटत नसेल, तर बहुधा कोड बरोबर असतो. मॉड्यूलच्या व्हीसीसीला (पुरवठ्याच्या पिनेला) 5 व्होल्ट आणि सिग्नल हाय म्हणजे फक्त 3.3, उरलेल्या 1.7 व्होल्टवर ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) कधीकधी पूर्ण बंद होत नाही. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलच्या पुरवठ्याचा) जम्पर असेल तर तो काढून जेडी-व्हीसीसीला 5 आणि व्हीसीसीला 3.3 व्होल्ट द्या.

बोर्ड आणि पान एमक्यूटीटी या संदेश-पद्धतीने बोलतात. मधला निरोप्या म्हणजे ब्रोकर, तो मॉस्किटो हा प्रोग्रॅम. आवृत्ती 2.0 पासून लिसनर (कोणत्या पोर्टवर ऐकायचं ती ओळ) न लिहिता सुरू केला तर तो फक्त त्याच मशीनवरून जोडणी घेतो, बोर्ड नुसता दार ठोठावत बसतो. दोन लिसनर लिहिले: बोर्डासाठी 1883, ब्राउझरसाठी 9001, आणि 9001 च्या खाली वेबसॉकेट्सची प्रोटोकॉल ओळ. ब्राउझरमधल्या पानाला थेट टीसीपी जोडणी उघडता येत नाही, वेबसॉकेट मात्र येतो, म्हणून हा दुसरा दरवाजा. पासवर्ड फाइल दोन्हींना लागू.

आता मुख्य भाग. पहिल्या मांडणीत एकच टॉपिक (संदेशाचा पत्ता) होता: पान त्यावर ‘चालू’ लिही आणि तेच वाचून बटणाचा रंग बदली. पानाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता. बोर्डाची वायर काढली तरी पान दिवा चालू दाखवी. म्हणून तीन टॉपिक केले: घर/दिवा/आज्ञा, घर/दिवा/स्थिती आणि घर/दिवा/हजेरी. पान फक्त आज्ञेवर लिहितं. बोर्ड रिले हलवल्यानंतर स्थितीवर लिहितो. भिंतीवरचं बटण दाबलं तरी तसंच. पानावर दाबल्यावर ‘पाठवलं’ एवढंच दिसतं. 2 सेकंदांत स्थिती आली नाही तर ‘उत्तर नाही’.

स्थिती रिटेन्ड (शेवटचा संदेश ब्रोकर जपून ठेवतो) ठेवा, म्हणजे नव्याने उघडलेल्या पानाला शेवटची स्थिती लगेच मिळते. फोनचं ब्राउझर मागे गेलं की वेबसॉकेट तुटतो, तेव्हाही हेच कामी येतं. आज्ञा मात्र कधीही रिटेन्ड नको. ती चुकून तशी गेली, तर वायफाय तुटून जुळलं की बोर्डाला जुनी आज्ञा पुन्हा मिळते आणि मध्यरात्री पायऱ्या उजळतात. अडकलेली आज्ञा काढायला त्याच टॉपिकवर रिकामा संदेश रिटेन्ड करून पाठवा. ‘उलट कर’ अशी आज्ञाही ठेवू नका. क्यूओएस 1 वर (पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवण्याची पातळी) संदेश दोनदा येऊ शकतो. ‘चालू’ दोनदा आलं तर काही बिघडत नाही.

हजेरी लास्ट विलवर (जोडणी अचानक तुटली तर ब्रोकरने बोर्डाच्या वतीने पाठवायचा संदेश) चालते: जोडताना विल ‘गैरहजर’, रिटेन्ड, जोडल्यावर लगेच ‘हजर’, तेही रिटेन्ड. बोर्डावरच्या पबसबक्लायंट या एमक्यूटीटी लायब्ररीचा कीप-अलाइव्ह (जिवंत असल्याची खूण देण्याचं अंतर) मुळात 15 सेकंद असतो आणि ब्रोकर दीडपट थांबतो, म्हणून वीज काढल्यावर साधारण 22 सेकंद पान खोटं बोलतं. सध्या चालवून घेतलंय.

दर काही सेकंदांनी हजर-गैरहजर असा खेळ दिसला तर आधी क्लायंट आयडी (जोडणाऱ्याचं ब्रोकरकडचं नाव) बघा. दोघांचा आयडी एकच असेल तर ब्रोकर दुसऱ्याला घेताना पहिल्याला हाकलतो, पहिला परत येतो, दुसरा जातो. पानाच्या आयडीला दर टॅबमागे यादृच्छिक शेपूट जोडली.

टॉपिक देवनागरीत चालतात, कारण एमक्यूटीटी ते यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) मानतो. पण दर अक्षर-चिन्हाला 3 बाइट जातात. ‘घर/दिवा/आज्ञा’ हेच 35 बाइट. पबसबक्लायंटचा बफर मुळात 256 बाइटचा आणि त्यात टॉपिकसुद्धा धरला जातो. मोठा संदेश आला तर तो गुपचूप टाकून दिला जातो. सेटबफरसाइझने 512 केलं.

दुसरी गंमत ‘ऱ्य’ची. टॉपिक बाइटला बाइट जुळवले जातात. आधी नाव ‘घर/पायऱ्या’ होतं. एका कीबोर्डने ‘ऱ’ एकच चिन्ह म्हणून लिहिला, दुसऱ्याने ‘र’ला नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखे, ब्रोकरसाठी दोन वेगळे टॉपिक. म्हणून नाव ‘दिवा’.

परवानगीची फाइलही लावली: पानाच्या खात्याला फक्त आज्ञेवर लिहिता येतं, बोर्डाला फक्त स्थिती आणि हजेरीवर. एमक्यूटीटी 3.1.1 मध्ये नाकारलेला संदेश पाठवणाऱ्याला कळत नाही, तेव्हा काही पोचत नसेल तर ब्रोकरचा लॉग उघडा.

बाकी कामं: पान एचटीटीपीएसवर नेलं की ब्राउझर साधा वेबसॉकेट अडवतो, त्यामुळे 9001 ला प्रमाणपत्र लावायचं आहे. त्यानंतर वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या थिंग डिस्क्रिप्शन 1.1 (वस्तूचं यंत्राला वाचता येणारं वर्णन) प्रमाणे दिव्याचं वर्णन लिहायचं: स्थिती ही प्रॉपर्टी, आज्ञा ही ॲक्शन. हजेरी प्रॉपर्टीत घालावी की इव्हेंटमध्ये, यावर मतं हवी आहेत.