इलेक्ट्रिक शॉवर, टाकीचे पाणी आणि अर्जातला एक चौकोन

येणारे थंड पाणी तिथल्या तिथे तापवणारा इलेक्ट्रिक शॉवर किती किलोवॅटचा घ्यायचा, त्यासाठी किती जाडीची वायर लागेल, ब्रेकर कोणता बसवायचा, हे सगळे दोन दिवसांत ठरले आणि इलेक्ट्रिशियनने आपले काम चोख केले. त्यानंतरचे जवळजवळ पाच आठवडे मी ज्या प्रश्नात अडकून पडलो तो विजेचा नव्हता, पाण्याचा होता.

पहिल्या प्लंबरने शॉवर गच्चीवरच्या टाकीच्या लाइनला जोडला. वरून येणाऱ्या पाण्याला दाब असतोच, हे त्याचे म्हणणे मलाही पटले होते. पहिल्याच आंघोळीला पाणी कढत आले, मग एकदम गार पडले, आणि थोड्या वेळाने पुन्हा कढत झाले. माहितीपुस्तिका मी त्यानंतर उघडली, हे कबूल केले पाहिजे. माझ्या 8.5 किलोवॅटच्या यंत्राला किमान 1 बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) दाबाचे थंड पाणी हवे, असे तिच्यात स्पष्ट छापलेले होते. पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. माझ्या टाकीतील पाण्याची पातळी शॉवरच्या जाळीपेक्षा जेमतेम 4 मीटर वर होती, म्हणजे हिशेब 0.4 बारचा झाला. दाब कमी असला की यंत्राच्या छोट्या टाकीतून पाणी रेंगाळत जाते आणि प्रमाणाबाहेर तापते, त्यामुळे सुरक्षेसाठी बसवलेला कट-आउट हीटर बंद करतो. माझा शॉवर बिघडलेला नव्हता, तो स्वतःला वाचवत होता.

टाकीच्याच लाइनवर राहायचे असेल तर आत पंप असलेला, टाकीच्या पाण्यासाठीच बनवलेला शॉवर घ्यावा लागतो. माझा तसा नव्हता, म्हणून मी तो थेट पुरवठ्याच्या लाइनला जोडून घेतला. (गीझरच्या गरम लाइनला जोडण्याची कल्पना एका शेजाऱ्याने सुचवली होती. तसे कधीही करू नये, कारण हे यंत्र थंड पाण्यासाठीच असते आणि आधीच गरम पाणी आत गेले तर कट-आउट लगेच पडतो.) जोडणी बदलली, तरी त्रास पूर्वीसारखाच चालू राहिला.

माझ्या चिडचिडीचा खरा विषय येथून सुरू होतो. सेवा केंद्राच्या तक्रार अर्जात एक चौकोन होता: ‘पुरवठ्याचा दाब, बारमध्ये’. प्रथम मी त्यात ‘पुरेसा’ असे लिहिले आणि अर्ज परत आला. प्लंबरने नळाच्या तोंडाला दाबमापक लावला, काटा 1.8 वर स्थिरावला, आणि तो आकडा लिहून मी दुसरा अर्ज दिला. नऊ दिवसांनी तंत्रज्ञ आला, यंत्र तपासून ते ठीक असल्याचे म्हणाला, दाब कमी आहे असे सांगून निघून गेला. केंद्राला फोन केला तर उत्तर मिळाले की दाब 1.8 असल्याचे आपणच लिहून दिले आहे, तेव्हा पाण्याची तक्रार आमच्याकडे करू नये. यंत्र ठीक, दाब ठीक, आणि मी गार पाण्याखाली उभा!

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, हे समजायला मला आणखी एक आठवडा लागला. दाबमापक नळाच्या तोंडाला लावला की पाणी वाहतच नाही, आणि साचून उभ्या असलेल्या पाण्याचा दाब नेहमीच चांगला दिसतो. शॉवरला हवा असतो तो पाणी वाहत असतानाचा दाब. दुसऱ्या प्लंबरने शॉवरच्या अगदी अलीकडे टी-जोड टाकून त्यावर मापक बसवला आणि शॉवर सुरू केला, तेव्हा 1.8 चा काटा 0.6 वर उतरला. ही एवढी साधी गोष्ट त्या चौकोनाशेजारी दोन शब्दांत लिहिता आली असती, याचा राग अजून गेलेला नाही.

दाब कुठे हरवतो हे शोधणे मात्र सोपे निघाले. लाइनवरचा जुना व्हॉल्व्ह गंजून अर्ध्यातच अडकला होता. तो काढून पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह बसवला, नवे नळ जोडण्यापूर्वी लाइन धुऊन घेतली, आणि वाहत्या पाण्याचा दाब 1.3 बार आला. स्वयंपाकघरातील नळ उघडल्यावर तो 1.1 होतो, म्हणजे अजूनही चालण्यासारखा. मोजमाप सकाळच्या गर्दीच्या वेळी करावे, कारण दुपारचा आकडा फसवा असतो. व्हॉल्व्ह सापडण्याआधी मी लाइनला थेट बूस्टर पंप लावण्याच्या विचारात होतो. तो ओढ निर्माण करून शेजाऱ्यांचे पाणी आणि गळतीतून घाणही ओढू शकतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याला नियमानेच मनाई आहे.

आता हिवाळ्यात धार बारीक करावी लागते, तो दोष नव्हे: 8.5 किलोवॅट शक्ती मिनिटाला साधारण 4 लिटर पाणीच 30 अंशांनी तापवू शकते.

गेल्या आठवड्यात सेवा केंद्राने नोंद बंद करण्यासाठी पुन्हा तोच अर्ज पाठवला. या वेळी मी चौकोनात 1.3 लिहिले आणि चौकोनाबाहेर, मोठ्या अक्षरांत, ‘पाणी वाहत असताना’.