बायपासनंतर छातीत पाणी: एक्स-रे उभ्याने काढून घ्या

बाबांची बायपास नीट झाली, सातव्या दिवशी डिचोलीला घरी आलो. पंधराव्या दिवशी आडवं पडलं की त्यांना दम लागायला लागला.

घोळ झाला तो एक्स-रेत. चिठ्ठीवर नुसतं 'छातीचा एक्स-रे' लिहिलेलं. बाबा व्हीलचेअरवर, म्हणून टेबलावर झोपवून फिल्म काढली. झोपल्यावर फुफ्फुसाभोवती साचलेलं पाणी पाठीमागे पसरतं, फिल्मवर पुसटसा पांढुरका पडदा तेवढा दिसतो. रिपोर्टात 'विशेष काही नाही'. सोनोग्राफीला खिडकीवर सहा दिवसांनंतरची तारीख. बाबा उभे राहू शकत होते, पण कोणी विचारलंच नाही, याचा राग अजून जात नाही. उभ्याने काढलेल्या फिल्मवर साधारण 200 मिली पाणी साचलं की फुफ्फुसाच्या तळाचा टोकदार कोपरा बोथट दिसतो. चिठ्ठीवर 'उभ्याने' हा शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्याच. डिस्चार्जच्या वेळची फिल्मही न्या, तुलनेला लागते. आणि खिडकीशी वाद घालत बसू नका. सर्जनच्या ओपीडीत जाऊन 'तातडीचं' असा शेरा घ्या. मला हे चौथ्या दिवशी सुचलं, तोवर बाबांनी रात्री खुर्चीत बसून काढल्या. शेरा मिळाला त्याच दुपारी सोनोग्राफी झाली.

पाणी डावीकडे होतं. ग्राफ्टसाठी, म्हणजे हृदयाला रक्ताची नवी वाट जोडायला, छातीतली डावी धमनी सोडवताना तिथलं फुफ्फुसाचं आवरण बरेचदा उघडतं. थोडं पाणी आपोआप जिरतं, जास्त असलं तर काढतात. पलंगाच्या कडेला बसवून समोरच्या टेबलावर उशी, उशीवर हात. सुई बरगडीच्या वरच्या कडेने घालतात, कारण रक्तवाहिन्या आणि नस खालच्या कडेने जातात. 900 मिली निघालं, फिकट तांबूस. एका वेळी दीड लिटरवर सहसा काढत नाहीत. दबलेलं फुफ्फुस झपाट्याने फुललं तर त्याच्यातच पाणी भरू शकतं. मध्ये खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटली तर लगेच सांगायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आधीच दाखवा, आपल्या मनाने बंद करू नका.

श्वासाच्या व्यायामाला देतात त्या तीन बॉलच्या यंत्रात श्वास ओढायचा असतो, फुंकायचा नाही. बाबा आठवडाभर फुंकत होते. जागेपणी दर तासाला 10 वेळा, 3 ते 5 सेकंद रोखून. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची.

पेजेबरोबरचं लोणचं, सुके बांगडे बंद. मिठाने अंगात पाणी धरतं. ताप येऊन छातीत दुखलं तर त्याच दिवशी दाखवा. बसल्याजागी दम लागला किंवा ओठ निळसर दिसले तर तारखेची वाट न बघता 108 ला फोन करा.