भाषा डावीकडे की उजवीकडे: एका आकड्यावर का थांबू नये

एपिलेप्सीसाठी टेम्पोरल लोबवर (कानाजवळच्या मेंदूच्या भागावर) शस्त्रक्रिया करायची, तर पेशंटची भाषा मेंदूच्या कोणत्या गोलार्धात आहे हे आधी कळायला हवं. उजव्या हाताने कामं करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत ती डावीकडे असते. डावखुऱ्यांत हे प्रमाण कमी, त्यामुळे अंदाजावर भागत नाही. पूर्वी यासाठी वाडा टेस्ट करत: कॅरोटिड धमनीत अमोबार्बिटल सोडून एक गोलार्ध काही मिनिटं निष्क्रिय करायचा. आता बहुतेक वेळा आधी एफएमआरआय होतो, म्हणजे रक्तप्रवाहातल्या बदलावरून मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे दाखवणारा स्कॅन.

नेहमीचा टास्क सोपा आहे. नाम दाखवायचं, पेशंटने मनात क्रियापद शोधायचं. ३० सेकंद काम, ३० सेकंद विश्रांती, अशा पाच फेऱ्या. मनातच, कारण मोठ्याने बोललं की डोकं हलतं आणि सिग्नल बिघडतो. मराठीत इथे एक खास अडचण येते. ‘स्वयंपाक’, ‘अभ्यास’, ‘फोन’ या सगळ्यांना ‘करणे’ चालतं. पेशंट तेच घोकत राहिला, तर शब्द शोधणं थांबतं आणि ब्रोका भागातला (बोलण्याशी संबंधित भागातला) सिग्नल क्षीण होतो. म्हणून ‘पाणी’, ‘सुई’, ‘घोडा’ अशी नामं घ्यावीत आणि ‘करणे’ नको, हे स्कॅनरबाहेर सरावातच सांगावं. वाचता न येणाऱ्यांना नामं ऐकवावीत. मात्र मग विश्रांतीतही उलटा वाजवलेला आवाज द्यावा. नाहीतर दोन्हीकडचे श्रवणभाग उजळतात आणि भाषा दोन्हीकडे असल्याचा भास होतो.

मग लॅटरॅलिटी इंडेक्स, म्हणजे भाषा कोणत्या बाजूला झुकते ते सांगणारा आकडा: (डावे − उजवे) ÷ (डावे + उजवे), सक्रिय व्हॉक्सेल (स्कॅनमधले छोटे घन ठिपके) मोजून. साधारणपणे ०.२ च्या वर डावं, −०.२ च्या खाली उजवं, मधलं दोन्हीकडे. खरी मेख थ्रेशोल्डमध्ये आहे, म्हणजे किती सिग्नल असला की व्हॉक्सेल सक्रिय धरायचा त्या मर्यादेत. समजा, सैल थ्रेशोल्डला ३००० विरुद्ध २४०० व्हॉक्सेल आले: इंडेक्स ०.११, म्हणजे ‘दोन्हीकडे’. त्याच स्कॅनमध्ये कडक थ्रेशोल्डला ९० विरुद्ध १० उरले: ०.८, ठाम डावं. म्हणून अनेक थ्रेशोल्डवरचा आलेख मागावा, एकच आकडा स्वीकारू नये. सेरेबेलम (लहान मेंदू) मोजणीतून वगळलाच पाहिजे, कारण भाषा डावीकडे असेल तर तो उजवीकडे उजळतो आणि आकडा खाली ओढतो.

सर्वांत धोकादायक चूक ट्यूमर किंवा एव्हीएमजवळ (रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्याजवळ) होते. तिथे पेशी काम करतात, पण रक्तप्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही. डावीकडे शांत दिसतं, उजवीकडे उजळतं आणि भाषा सरकली असं वाटतं. अशा पेशंटमध्ये श्वास रोखण्याचा छोटा स्कॅन जोडावा; श्वास रोखला की एरवी मेंदूतला रक्तप्रवाह वाढतो. त्यातही तो भाग निष्प्रभ दिसला, तर भाषेचा नकाशा तिथे विश्वासार्ह नाही. निर्णय वाडा टेस्टवर किंवा जागेपणी केलेल्या शस्त्रक्रियेतल्या विद्युत उत्तेजनावर सोपवावा.