एचपी ४८जीएक्स आणि २००एलएक्स एका तारेवर : माझा अनुभव

मी मोजणीचं काम करतो आणि हिशोब सगळा एचपी ४८जीएक्सवर. कोन, अंतरं, निर्देशांक, आणि त्यावर चालणारे मी स्वतः लिहिलेले प्रोग्राम, सगळं त्या एका ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये असतं. दुसऱ्या खिशात एचपी २००एलएक्स. तो पामटॉप ऑर्गनायझर : कामाच्या तारखा, फोन नंबर, टिपणं, शिवाय आत पूर्ण लोटस १-२-३, म्हणजे ओळी-रकान्यांत हिशोब मांडायचा प्रोग्राम. संध्याकाळी एकाच्या पडद्यावरचे आकडे वाचायचे आणि दुसऱ्यात टाइप करायचे, असं बराच काळ चाललं होतं. बारा अंकी आकडे हाताने उतरवण्यात एखादा अंक कधी सरकेल सांगता येत नाही, आणि जमिनीच्या मोजणीत सरकलेला अंक महाग पडतो. म्हणून दोघांना तारेने जोडायचं ठरवलं.

४८जीएक्स १९९३ चा, २००एलएक्स १९९४ चा. वय जवळपास सारखं, पण आतून दोघांचा काहीच संबंध नाही. एक सॅटर्न प्रोसेसरवर चार-चार बिटांनी चालतो, दुसरा चक्क डॉस ५.० ही पीसीची जुनी कार्यप्रणाली चालवणारा छोटा संगणक. माझ्या कामाच्या सामाईक गोष्टी दोन : सिरीयल पोर्ट (एकेक बिट ओळीने पाठवणारं जोडणीचं तोंड) आणि कर्मिट. कर्मिट हा फाइल पाठवण्याचा शिष्टाचार कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली तयार झाला. तो कॅल्क्युलेटरमध्ये अंगभूत आहे, आणि ऑर्गनायझरच्या डेटा कॉम या प्रोग्राममध्येही आहे. एक्समोडेमही दोन्हीकडे आहे, पण तो फाइलचं नाव पाठवत नाही आणि शेवटचा तुकडा १२८ बाइट भरेपर्यंत त्यात फालतू बाइट कोंबतो. कर्मिट नाव पाठवतो, प्रत्येक पाकिटाची, म्हणजे फाइलच्या तुकड्याची, तपासणी-बेरीज पाठवतो, आणि पाकीट बिघडलं तर पुन्हा मागून घेतो. मोजणीच्या आकड्यांना मला हाच भरवशाचा वाटला.

इन्फ्रारेडचा विचार लगेच सोडला. ४८ चा इन्फ्रारेड २४०० बॉडच्या (इथे बॉड म्हणजे सेकंदाला जाणारे बिट) वर जात नाही, तारेवर ९६०० मिळतात.

पहिला अडथळा कनेक्टरचा. दोन्ही यंत्रांच्या केबली मोठ्या संगणकाला जोडण्यासाठी बनवलेल्या, त्यामुळे दोन्हींच्या टोकाला नऊ पिनांचा फिमेल कनेक्टर. एकात दुसरा बसतच नाही. दोन्हीकडे मेल टोक असलेला तुकडा मध्ये घालून भागत नाही, कारण दोघंही पिन २ वर बोलतात आणि पिन ३ वर ऐकतात. सरळ जोडले तर दोन बोलणारे समोरासमोर आणि दोन ऐकणारे समोरासमोर. म्हणून दोन मेल कनेक्टर घेऊन मधला तुकडा स्वतः सोल्डर केला : एकीकडची २ दुसरीकडच्या ३ ला, ३ ही २ ला, आणि ५ ला ५, म्हणजे ग्राउंड. ४८ च्या पोर्टात पाठवणं, ऐकणं, ग्राउंड आणि आवरण एवढ्या चारच पिना आहेत. ‘थांब’, ‘चालू दे’ असं सांगणाऱ्या वेगळ्या तारा त्याच्याकडे नाहीतच. ऑर्गनायझर मात्र त्या तारांची वाट पाहू शकतो, म्हणून त्याच्या बाजूला पिन ७ आणि ८ एकमेकींना जोडून टाकल्या आणि डेटा कॉममध्ये हार्डवेअर हँडशेक बंद ठेवला.

तार झाली की लगेच फाइल पाठवायची घाई करू नये, हे मी आवर्जून सांगेन. आधी प्रत्येक यंत्राला स्वतःशीच बोलू द्यावं. ऑर्गनायझरच्या केबलवर पिन २ आणि ३ बारीक तारेने जोडल्या, डेटा कॉम उघडला, लोकल एको (टाइप केलेलं यंत्राने स्वतःच पडद्यावर दाखवणं) बंद केला आणि टाइप केलं. अक्षरं पडद्यावर उमटली, म्हणजे पोर्ट जागं आहे आणि केबल धड आहे. कॅल्क्युलेटरवर हीच परीक्षा ओपनआयओ, एक्समिट, बफलेन आणि एसरिसीव्ह या आज्ञांनी होते. स्टॅकवर, म्हणजे कॅल्क्युलेटर ज्या चळतीवर आकडे घेऊन काम करतो तिथे, एक छोटी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) ठेवली, एक्समिटने बाहेर पाठवली, बफलेनने विचारलं की बफरमध्ये, म्हणजे आलेली अक्षरं थांबतात त्या तात्पुरत्या जागेत, किती अक्षरं आली, आणि एसरिसीव्हने तेवढी परत उचलली. हा बफर २५५ अक्षरांचा आहे, परीक्षेला भरपूर.

मग मधला तुकडा लावला. दोन्हीकडे ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. कॅल्क्युलेटरवर उणे ३३ क्रमांकाचा फ्लॅग (चालू-बंद करायची आतली खूण) उतरवलेला आहे ना हे पाहिलं, कारण तो चढवलेला असेल तर सगळं इन्फ्रारेडकडे जातं आणि तार मुकी राहते. स्ट्रिंग लिहून एक्समिट दिलं आणि ऑर्गनायझरच्या पडद्यावर तेच शब्द जसेच्या तसे आले. मला त्या क्षणी फार आनंद झाला, आणि तो अजूनही होतो. एकमेकांसाठी न बनवलेली दोन यंत्रं तीन तारांवर बोलू लागतात, यात खरोखर मोठी गंमत आहे.

आता कर्मिट. ऑर्गनायझरला आधी स्वीकारायला बसवलं, मग कॅल्क्युलेटरवर प्रोग्रामचं नाव देऊन सेंड. ‘कनेक्टिंग’ असं येतं, मग पाकिटांचे क्रमांक चढू लागतात. फाइल आली. ऑर्गनायझरच्या मेमो या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये उघडली, तर ओळखू न येणारी! जिथे « हवं तिथे ½, जिथे » हवं तिथे ╗, आणि बाणाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन आय.

याचं कारण समजलं तेव्हा पुढचं सगळं सोपं झालं. १२७ पर्यंतची अक्षरं दोघांची जवळपास सारखी आहेत, १२८ पासून पुढे प्रत्येकाचा तक्ता निराळा. ४८ मध्ये १७१ म्हणजे «, १८७ म्हणजे » आणि १४१ म्हणजे बाण. डॉसच्या तक्त्यात त्याच क्रमांकांवर ½, ╗ आणि तो आय बसलेले आहेत. बाइट अगदी बरोबर पोचले होते, अर्थ तेवढा वेगळा लागला. उपाय कॅल्क्युलेटरमध्येच आहे : ३ ट्रान्सआयओ ही आज्ञा. मुळात ही किंमत १ असते, त्यात फक्त ओळ संपल्याची खूण बदलते. ३ केली की १२८ पासून पुढचं प्रत्येक चिन्ह साध्या अक्षरांत लिहून जातं. « च्या जागी \<< येतं, बाणाच्या जागी \-> आणि कोनाच्या चिन्हाच्या जागी \<). परत पाठवताना त्यांची मूळ चिन्हं होतात.

अशा फाइलीच्या माथ्यावर कॅल्क्युलेटर एक ओळ घालतो. तिच्यात कंसांत तीन गोष्टी असतात : भाषांतराचा क्रमांक, कोन कशात मोजले ते, आणि दशांश टिंबाने दाखवला की स्वल्पविरामाने. मोजणीवाल्याने ही ओळ कधीही पुसू नये. अंतर आणि दिशा मिळून लिहिलेला निर्देशांक अंशांत असताना पाठवला आणि रेडियन समजून परत वाचला, तर बिंदू भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. ऑर्गनायझरवर नवा प्रोग्राम हाताने लिहितो तेव्हाही मी ही ओळ सगळ्यात आधी घालतो. आणि तिथे लिहिणं किती सुखाचं! पूर्ण कळफलक, कापून चिकटवण्याची सोय, मोठा पडदा. आता माझे लांबलचक प्रोग्राम मेमोमध्येच जन्म घेतात आणि चालायला कॅल्क्युलेटरमध्ये जातात.

वाचायची गरज नाही, फक्त जपून ठेवायचं आहे, अशा वेळी बायनरी, म्हणजे बाइट जसेच्या तसे पाठवणं, चांगलं. त्यासाठी ४८ चा उणे ३५ फ्लॅग चढवायचा आणि डेटा कॉममध्येही बायनरी निवडायचं. दोन्ही बाजू एकमताच्या नसल्या तर कॅल्क्युलेटरच्या स्टॅकवर ‘एचपीएचपी४८’ अशा रोमन अक्षरांनी सुरू होणारी आणि पुढे नुसता कचरा असलेली स्ट्रिंग येते. ती दिसली की मोड जुळलेला नाही असं समजावं, मोड जुळवून फाइल पुन्हा पाठवावी.

ज्यासाठी एवढं केलं ते आकडे लोटसमध्ये नेणं त्यामानाने पटकन झालं. मोजलेले आकडे मॅट्रिक्समध्ये ठेवले की टेक्स्ट फाइलीत प्रत्येक रांग नव्या ओळीवर येते. फाइलीची एक प्रत काढायची, मेमोमध्ये त्या प्रतीतली माथ्याची ओळ आणि चौकटी कंस काढून टाकायचे, मग १-२-३ मध्ये फाइल, इम्पोर्ट, नंबर्स. आकडे रकान्यांत बसतात. नाव मात्र डॉसला चालेल असं, आठ अक्षरांच्या आतलं ठेवावं. ४८ मधली आकडेवारीची मॅट्रिक्स नावातच Σ घेऊन येते, म्हणून तिची साध्या नावाची प्रत काढून ती पाठवतो.

सगळ्यात मोठा फायदा बॅकअपचा. आर्काइव्ह आज्ञेला आयओ पोर्ट आणि एक नाव दिलं की कॅल्क्युलेटरची पूर्ण होम डिरेक्टरी (सगळं साठवलेलं असतं ती मुख्य जागा), कळांना नेमून दिलेली कामं आणि अलार्म एकाच फाइलीत ऑर्गनायझरकडे जातात. ही आज्ञा स्वतःहून बायनरीच वापरते. ९६०० बॉडला सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट जाऊ शकतात आणि प्रत्येक पाकिटाची पोच येईपर्यंत थांबायचं असतं, म्हणून मेमरी भरलेली असेल तर वेळ लागतो. तेवढा वेळ दोन्ही यंत्रं टेबलावर स्थिर ठेवावीत, केबल ताणू नये, आणि बॅटऱ्या ताज्या असाव्यात. काम संपलं की क्लोजआयओ द्यायचं, नाहीतर ४८ चं पोर्ट उघडं राहून बॅटरी खातं. परत आणताना फाइल कॅल्क्युलेटरवर घ्यायची, ती स्टॅकवर उचलायची आणि रिस्टोअर. त्या क्षणी जे काही होममध्ये असेल ते जाऊन जुनं सगळं त्या जागी येतं, म्हणून आधी दोनदा पाहून घ्यावं.

या बॅकअपमध्ये फ्लॅग मात्र जात नाहीत. कोन अंशांत की रेडियनमध्ये, तार की इन्फ्रारेड, टेक्स्ट की बायनरी, हे सगळं फ्लॅगवरच ठरतं. त्यामुळे आर्काइव्ह देण्याआधी मी आरसीएलएफने सगळे फ्लॅग स्टॅकवर घेतो आणि होममध्येच एका नावाखाली साठवतो. रिस्टोअर झाल्यावर ते नाव उचलून एसटीओएफ दिलं की कॅल्क्युलेटर होता तसाच हाती येतो.